सलाईनवरची मारुती

बाबांची मारुती आठशे शेवटची चालवली ती मीच. मार्च २०२०, शिमगा नुकताच आटपला होता. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख ठाण्याला मिळाली होती, म्हणून त्यांना आणि आईला न्यायला मी केळशीच्या अलीकडच्या आमच्या गावी गेलो होतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांची गाडी घेऊन अंजर्ल्यापर्यंत फिरून आलो, मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, लावली, हॅन्डब्रेक करकचून ओढला आणि चावी देवघराच्या खुंटीला अडकवली. पंधरा दिवसांत परतायचं होतं. २५ मार्चला, ऐन पाडव्याच्या दिवशी, देशाला कुलूप लागलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावांचं त्यानं काय केलं ते ज्यांची माडापोफळीची आगरं होती त्यांनाच विचारावं. आमच्या मांगराचे निम्मे पत्रे शेजारच्या वाडीत सापडले. एक पोफळ गाडीच्या टपावर आडवी झाली होती, पण पोफळच ती, माड असता तर ही गोष्ट तिथंच संपली असती. शेजारच्या काकांनी पोफळ बाजूला केली आणि गाडीवर निळी ताडपत्री घट्ट बांधून टाकली. प्रेमानं बांधली, आणि तीच पुढं नडली.

नंतर बाबांचं हृदयाचं दुखणं निघालं, आईचे गुडघे. गावी जाणं म्हणजे वर्षातून दोनदा मी जाऊन घर उघडायचं, झाडायचं, परत बंद करायचं एवढंच राहिलं. गाडीकडं बघायचं मी टाळत असे. २०२३ च्या दिवाळीत भावंडांत गाडीचा विषय निघाला. दापोलीचा एक भंगारवाला चौदा हजार देत होता. सगळे म्हणाले देऊन टाका. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चालू करून बघ. चालू झाली की मग विकायचं बोलू. बंद गाडी विकायची नसते."

भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटा निघालो.

गाडी १९९३ ची. बाबांनी २००३ साली खेडच्या एका डॉक्टरांकडून घेतली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटर, आणि डॅशबोर्डवर चोकची ओढायची मूठ. तिच्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. त्यामुळं वाटलं होतं की बॅटरी चार्ज केली, चार थेंब पेट्रोल ओतलं की झालं. यूट्यूबवर तसे व्हिडिओही भरपूर आहेत. दहा मिनिटांत वीस वर्षांची गाडी भुर्र. मधले आठ दिवस कापलेले असतात हे मला नंतर कळलं.

ताडपत्री सोडली तर आतून पाणी टपकलं. पाऊस बाहेरून लागला नव्हता, पण जमिनीची ओल वर चढून ताडपत्रीला आतून धरली होती, तीन पावसाळे आणि वर अर्धा. उघड्यावर पाऊस खाऊन निदान नंतर वाळली तरी असती. पांढरा रंग साबुदाण्याच्या खिचडीसारखा झाला होता, दाराच्या खालच्या कडा बोटानं दाबल्या की बिस्किटासारख्या मोडत होत्या. सीटवर हिरवी बुरशी. चारही टायर बसलेले.

आणि मग मी तेच केलं जे करू नये. प्रवासाचा शीण होता, पण उत्साह त्याहून जास्त. माझी वॅगन आर शेजारी आणून लावली, जंपर केबल जोडल्या, चावी फिरवली. टक्. परत फिरवली. टक् टक् टक्. परत. चौथ्या वेळी डॅशच्या खालून रबर जळल्याचा वास आला आणि धुराची एक बारीक रेघ वर आली. झटकन केबल काढल्या. हातपाय धुऊन पडवीत बसलो आणि चाचांना फोन केला.

चाचा म्हणजे आमच्या पंचक्रोशीतले मेकॅनिक. वय साठीच्या आसपास, गॅरेज म्हणजे रस्त्याकडेची एक पत्र्याची शेड आणि वडाच्या झाडाला बांधलेली चेन-कप्पी. चौथीपर्यंत बाबांच्या हाताखाली शिकले. ते सकाळी मोटारसायकलवर आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "चावी मारलीस?"

"हो."

"किती वेळा?"

"तीन-चार."

"मग तीन-चार दिवस जादा धर."

ते खरं तर बरेच कमी बोलतात. त्या सहा दिवसांत मला जे कळलं ते त्यांच्या हातांकडं बघून आणि मधेमधे एखादं वाक्य पकडून. पहिलं वाक्य हेच: उभ्या गाडीला आधी नाक लावायचं, मग हात, आणि चावी सगळ्यात शेवटी. त्यांनी खरंच नाक लावलं. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. मीही हुंगलं. पेट्रोलचा वास नव्हताच. जुन्या कपाटाला लावलेल्या वार्निशसारखा, आंबूस वास होता.

बॉनेटची केबल गंजून तुटली. पक्कड घालून उघडावं लागलं. उघडलं तर इंजिनावर सापाची कात, अखंड, हातभर लांब. "साप आला तो उंदरामागं आला," चाचा म्हणाले आणि एअर फिल्टरचा डबा खोलला. आत नारळाचा काथ्या, सुपारीची सालं, सीटचा फोम आणि बाबांच्या वहीचे तुकडे घालून केलेलं गुबगुबीत घरटं. बाबा पेट्रोल भरल्याची तारीख, लिटर आणि किलोमीटर एका वहीत लिहीत असत, ती डॅशच्या खणात असे. उंदरांनी ती २०११ पर्यंत वाचली होती.

वायरी कुरतडलेल्या निघाल्या त्या सात. एक स्टार्टरला जाणारी, एकीचं वरचं आवरण खाऊन तांबं उघडं पडलं होतं आणि ते बॉडीला टेकत होतं. काल संध्याकाळी धूर आला तो तिथून. मी दोन मिनिटं आणखी चावी मारत बसलो असतो तर मांगर, गाडी आणि बाजूला रचलेली लाकडं सगळं एकदमच निकालात निघालं असतं. हे चाचा मला बोलले नाहीत. त्यांनी फक्त ती जळकी वायर कापून माझ्या हातात दिली.

इंजिन फिरतंय की आतून धरलंय हा खरा प्रश्न होता. गाडी उभी राहते तेव्हा पिस्टन कुठंतरी मधे थांबलेले असतात. सिलिंडरच्या भिंतीवरची तेलाची पातळ साय हळूहळू खाली ओघळून जाते. एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो, तिथून दमट हवा आत शिरते आणि पिस्टनची रिंग भिंतीला गंजानं चिकटते. अशा वेळी स्टार्टरनं जबरदस्तीनं फिरवलं तर रिंग तुटते किंवा भिंतीला चरे पडतात, आणि मग इंजिनच खोलावं लागतं. कोकणातल्या हवेत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, हे व्हायला पावणेचार वर्षं पुष्कळ झाली.

तिन्ही प्लग काढले. एकाचं टोक लाल गंजलेलं. चाचांनी प्रत्येक भोकात औषधाच्या झाकणानं मोजून इंजिन ऑइल आणि डिझेल यांचं मिश्रण घातलं, भोकांवर फडकं टाकलं आणि हात पुसले. "आता उद्या." माझा चेहरा पाहून म्हणाले, "लोणचं मुरायला टाकलंस की तासातासाला बरणी उघडतोस काय?"

त्या दुपारी मी चाकांचं काम घेतलं. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर २३१४ होतं, म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. कडांना भेगा पडलेल्या, हवा भरली की भेगा उघडून हसायच्या. चारही बदलायचे ठरले. पण बदलायला चाक फिरायला तर हवं. पुढची दोन फिरली. मागची दोन ढिम्म. हॅन्डब्रेक खाली केला तर मूठ खाली आली, केबल मात्र आतच अडकून राहिली. मी ते चाचांना सांगितलं नाही. उद्या बघू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पान्हा लावला. चाचांनी जोर दिला, काही नाही. उलट दिशेला थोडा, परत सुलट. जोर लावायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती, हिसका अजिबात नाही, नुसतं अंगाचं वजन टाकून थांबायचं. चौथ्या-पाचव्या खेपेला पान्हा सुताभर सरकला. मग बोटभर. आणि मग चिकट दार उघडावं तसं ते फिरलं, पूर्ण एक फेरी. प्लगच्या भोकांतून तपकिरी फेस बाहेर आला. आम्ही दोघांनी चहा मागवला. म्हणजे शेजारच्या काकूंनी ओरडून विचारलं आणि आम्ही हो म्हटलं.

एकदा इंजिन फिरतं म्हटल्यावर उरलेलं काम म्हणजे एकेका जागी साचलेली शिळवड काढणं. इंजिन ऑइलचा नट खालून सोडला तर आधी चमचाभर पाणी आलं, मग डांबरासारखं तेल. ते पाणी ताडपत्रीतून गेलेलं नव्हे. हवेतली वाफ थंड लोखंडावर धरते आणि तेलाच्या तळाला जाऊन बसते. फिल्टर बदलला, नवं तेल भरलं, तीन लिटरला थोडं कमी लागलं. रेडिएटरमधलं पाणी विटकरी होतं, ते सोडून दोनदा धुतला.

टाकीतून नऊ लिटर पेट्रोल निघालं, कोऱ्या चहाच्या रंगाचं. पेट्रोल टिकत नाही हे मला ऐकून माहीत होतं, पण का ते चाचांनी दाखवलं. त्यांनी बशीत थोडं जुनं आणि थोडं नवं ओतलं आणि उन्हात ठेवलं. नवं पाच मिनिटांत उडून गेलं. जुनं तिथंच पसरून राहिलं, कडेला चिकट पिवळी रेघ सोडून. थंड इंजिन पेटायला जे हलकं पेट्रोल लागतं तेच आधी उडून जातं, आणि मागं राहतं त्याचा हवेशी संबंध येऊन डिंक होतो. तो डिंक कार्बोरेटरच्या बारीक भोकांत जाऊन बसतो. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप मऊ करतं, ते आणखी वेगळं. आमचा पंपाकडचा पाइप हातात घेतला तर जिलेबीसारखा तुटला.

कार्बोरेटर चाचांनी पडवीत वर्तमानपत्रावर उघडला. एवढासा डबा, पण आत सोनाराच्या दुकानासारखा पसारा. पितळी जेट, फ्लोट, सुई, स्प्रिंग. फ्लोटच्या वाटीत मध वाळल्यासारखा थर होता. मी मदत म्हणून टाचणी घेऊन एका जेटचं भोक साफ करायला घेतलं तर त्यांनी माझा हात धरला. पितळ मऊ असतं, टाचणीनं भोक केसाएवढं मोठं झालं तरी गाडी पुढं जन्मभर जास्त पेट्रोल पिते. त्यांनी टूथब्रशचा एक केस तोडला आणि त्यानं जेट साफ केले, मग फुंकर मारून प्रत्येक जेट सूर्याकडं धरून बघितला. एका जेटमधून उजेड दिसायला पाऊण तास लागला.

पंप गेलाच होता. या गाडीचा पेट्रोल पंप विजेवर चालत नाही, इंजिनच्या कॅमशाफ्टवर आपटणाऱ्या दांडीनं आतला रबरी पडदा वरखाली होतो. पडदा वाळून पापड झाला होता. नवा पंप, मागच्या ब्रेकचे सिलिंडर आणि क्लचची केबल असं सामान चिपळूणच्या दुकानात सांगितलं आणि ते दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरच्या हाती दापोलीला आलं. १९८३ च्या डिसेंबरात इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली दिली, २०१४ च्या जानेवारीत ही गाडी बनायची थांबली, पण मधल्या तीस वर्षांत इतक्या खपल्या की तिचा कुठलाही खिळा आजही तालुक्याच्या गावात मिळतो. माझ्या वॅगन आरची एक काच ठाण्यात मिळायला तीन आठवडे लागले होते.

बॅटरी मात्र मेली होती. मीटर लावला तर दोन व्होल्ट. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा पांढरा थर जमतो, तो चार्जर लावून निघत नाही. जुनी देऊन नवी आणली, एकोणचाळीसशे रुपये.

ठिणगीचं काम मला सगळ्यात आवडलं. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली तर आतले पॉइंट, ज्यांच्या उघडमिटीवर ठिणगी पडते, त्यांवर राखाडी पापुद्रा. दिसायला काहीच नाही, पण वीज तेवढ्यानंही अडते. चाचांनी पॉलिश पेपरची पट्टी दोन पॉइंटांमधे धरून चार वेळा ओढली. प्लगची फट मोजायला त्यांच्याकडं गेज नव्हती असं नाही, पण त्यांनी हॅक्सॉचं तुटकं ब्लेड घातलं, डोळा बारीक केला आणि प्लग दगडावर हलकेच ठोकला. मग एक प्लग वायरला लावून इंजिनवर टेकवला आणि मला म्हणाले, "आता मार चावी."

तिसऱ्या दिवशीची दुपार होती ती. स्टार्टर पहिल्यांदा नुसता खटकला. त्याच्या पाठीत हातोडीच्या दांड्यानं दोन हाणले, मग फिरला. प्लग काढलेलेच ठेवले होते, म्हणजे इंजिनावर दाब नको आणि तेल वरपर्यंत चढायला वेळ मिळावा. डॅशवरचा ऑइलचा लाल दिवा दहा-बारा सेकंदांनी विझला. टेकवलेल्या प्लगवर निळी ठिणगी टिकटिक करत होती.

प्लग बसवले. पण टाकी अजून धुवायची होती, तळाला गंज होता. म्हणून चाचांनी पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत लिटरभर ताजं पेट्रोल घेतलं, तळाला पाइप बसवला, बाटली उलटी करून बॉनेटच्या दांडीला सुतळीनं बांधली आणि पाइप थेट पंपाला जोडला. हुबेहूब सलाईन. जमलेल्या मुलांपैकी एक म्हणाला, "आता नर्स पाहिजे." मी बालदीभर वाळू शेजारी आणून ठेवली, ताडपत्रीचा नि वायरीचा धडा ताजा होता.

चोक पूर्ण ओढला. पहिल्यांदा नुसतं घर्र घर्र. थांबलो. सलग दहा सेकंदांच्या वर स्टार्टर मारायचा नाही, मधे मिनिटभर थांबायचं, हे आता मला सांगावं लागत नव्हतं. दुसऱ्यांदा एक फट् असा आवाज, कार्बोरेटरमधून ज्वाळेची जीभ बाहेर येऊन आत गेली. चाचांनी डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवला. तिसऱ्यांदा एक सिलिंडर पेटला, लंगडत, मग दुसरा, आणि मग तिसरा येऊन मिळाला. सायलेन्सरमधून आधी कुंभारीण माशीनं बांधलेलं मातीचं घर ढेकळासारखं उडालं, त्यामागून काळं पाणी, आणि मग पांढरा धूर इतका की समोरचं आगर दिसेना. सिलिंडरमध्ये घातलेलं तेल जळत होतं. काकूंची कोंबडी, जिनं ताडपत्रीखाली तीन वर्षं अंडी घातली होती, ती थेट माळ्यावर गेली.

मी बाबांना फोन लावला आणि काही न बोलता तो इंजिनजवळ धरला. पंधरा-वीस सेकंद तिकडून काही आवाज नाही. मग बाबा म्हणाले, "टॅपेट वाजतायत. त्याला सांग, फट जास्त आहे." चाचांना स्पीकरवर ऐकू गेलं. "गुरुजी, तेल चढू दे आधी," ते ओरडले. दहा मिनिटांनी आवाज निम्मा झाला, पुरता गेला नाही. नंतर टॅपेटांची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागांची, फट बघितली तर एकाची जास्तच होती.

व्हिडिओ इथं संपतात. आमचं निम्मं काम इथून सुरू झालं.

चालू इंजिनावर क्लच दाबून पहिला गिअर टाकला तर टाकताच येईना, नुसता कर्र आवाज. नवी केबल घातलेली होती, तरीही. क्लचची प्लेट गंजानं फ्लायव्हीलला चिकटून बसली होती. पेडल दाबलं तरी दोघी सुटत नव्हत्या. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे आणखी दोन दिवस. चाचा म्हणाले, आधी एक गावठी इलाज करू. पुढची चाकं जॅकवर उचलली आणि खाली चिऱ्याचे दगड रचले, नुसत्या जॅकवर विसंबून गाडीत कुणी बसायचं नाही हा त्यांचा नियम. इंजिन बंद असताना चौथा गिअर टाकला, क्लच पूर्ण दाबला आणि त्यातच स्टार्टर मारला. चाकं हवेत फिरायला लागली. इंजिन तापू दिलं, क्लच दाबलेलाच, आणि मग पायानं ब्रेक मारला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा धाड असा आवाज आला, गाडी हादरली, चाकं थांबली आणि इंजिन मात्र फिरत राहिलं. प्लेट सुटली. हे कुणी वाचून घरी एकट्यानं करायला जाऊ नये. मी आत होतो आणि माझे पाय थरथरत होते.

मग मागची चाकं. चाक काढलं, ड्रमच्या कडेकडेनं हातोडीनं ठोकलं, गंज सोडवायचं तेल मारलं, तासभर थांबलो, परत ठोकलं. ड्रमला दोन आट्यांची भोकं असतात, त्यांत बोल्ट घालून थोडा थोडा आवळला की ड्रम बाहेर ढकलला जातो. डावा आला. उजवा संध्याकाळपर्यंत आला नाही. आला तेव्हा ब्रेक शूचं अस्तर ड्रमलाच चिकटून राहिलेलं, शू नुसतं लोखंडी. चाचा ते हातात घेऊन बघत बसले.

"गुरुजी हॅन्डब्रेक ओढत नाहीत," ते म्हणाले. "पावसाळ्यात तर कधीच नाही. पहिला गिअर नि दोन चिरे. मला त्यांनीच सांगितलेलं."

"मी ओढला होता," मी म्हटलं.

"म्हायताय," ते म्हणाले, आणि नवं शू पिशवीतून काढलं. तीन दिवस त्यांना माहीत होतं तर.

ब्रेकचं जुनं तेल चहासारखं झालं होतं. तेही हवेतलं पाणी ओढतं, मग आतून सिलिंडर गंजतात. दोन्ही मागचे सिलिंडर बदलून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढली. मी पेडल मारायचो, चाचा खालून "धर... सोड" करायचे. या कामात दोन माणसं लागतात आणि दोघांचाही संयम, याहून जास्त त्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही.

पाचव्या दिवशी गाडी उभ्या जागी अर्धा तास चालू ठेवली. बाहेरून सगळं ठीक. चाचांचं लक्ष मात्र तापमानाच्या काट्यावर. काटा मध्याच्या वर गेला, आणखी वर गेला, आणि रेडिएटरचा पंखा काही लागला नाही. उंदरांची आठवी वायर. आम्ही सातच मोजल्या होत्या. गाडी धावत असती तर वाऱ्यानं झाकून गेलं असतं आणि पुढं कुठल्या तरी घाटात इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, उडालं असतं. वायर जोडली, पंखा भर्रकन सुरू झाला, त्यातून आणखी थोडा काथ्या बाहेर आला.

कागदपत्रांचा भाग उगाच लांबवत नाही. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. आमची २०२३ च्या ऑगस्टात संपली होती. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी तेव्हा पाच हजार झाली होती, उशिराला महिन्याला पाचशे, शिवाय पर्यावरण कर. विमाही संपलेला, पीयूसीही. बाबांचा हुकूम होता की कागद होईपर्यंत डांबरी रस्त्याला चाक लागता कामा नये. म्हणून पहिली फेरी आमच्याच आगरातल्या वाटेवर, विहिरीपर्यंत आणि परत. चारशे मीटर असेल. दुसऱ्या गिअरच्या वर गेलोच नाही. वाटेवर पडलेल्या सुपाऱ्या टायरखाली फुटत होत्या. नव्या टायरांचा वास, बुरशीचा वास, आणि पेट्रोलचा, यावेळी खरा.

एकूण खर्च टायर धरून तेवीस हजारांच्या घरात गेला, चाचांची मजुरी त्यातच, आणि ती त्यांनी मागितली त्यापेक्षा मी जास्त दिली म्हणून ते रागावले. भंगारवाल्याचे चौदा हजार. बहिणीनं फोनवर हा हिशोब मला दोनदा करून दाखवला. भंगारवाला परत आला होता, चालू गाडी बघून पस्तीसपर्यंत चढला. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "कागद होऊ देत आधी."

निघताना गाडी पडवीच्या कडेला उघड्या छपराखाली लावली, वारा लागेल अशी. ताडपत्री काकांना परत केली. पहिला गिअर, चाकांना चिरे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, टाकीत मोजकं पेट्रोल. एअर फिल्टरच्या नळकांड्याला बारीक जाळी बांधली. चावी चाचांकडं. दर पंधरा दिवसांनी वीस मिनिटं चालू करायची आणि आगरात पुढं-मागं फिरवायची, नुसती उभ्यानं चालू ठेवून भागत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि ब्रेक तसेच राहतात. आरटीओच्या कॅम्पचंही चाचाच बघणार होते.

जानेवारीत त्यांचा फोन आला. उजव्या मागच्या चाकाला परत तेल गळतंय, सिलिंडर पुन्हा बघावा लागेल, आठशे होतील. मी म्हटलं करा, फक्त बाबांना सांगू नका, उगाच काळजी करतील.

"अरे, त्यांनीच तर सांगितलं मला," चाचा म्हणाले. "रविवारी फोनवर आवाज ऐकवला होता ना त्यांना. म्हणाले, उजवं मागचं चाक घासतंय बघ."